कझाक चांदीचा जुना दागिना हातात आला तर काय बघायचं, कसा सांभाळायचा

सगळ्यात आधी, घासू नका! आपल्याकडे चांदी काळी पडली की हात लगेच टूथपेस्टकडे नाहीतर रांगोळीकडे जातो, मी पण एका अंगठीला तेच केलं आणि कडेचा सोन्याचा मुलामा निघून गेला, तो काही परत आला नाही, अजून वाईट वाटतं.

काही कझाक दागिन्यांत काळं हे मुद्दाम केलेलं असतं. चांदी, तांबं, शिसं आणि गंधक वितळवून काळा मसाला करतात, तो कोरलेल्या रेघांत भरून तापवतात आणि मग वरून घासून सपाट करतात. म्हणजे काळं फक्त नक्षीच्या रेघांत असेल तर ती कारागिरी आहे, आणि सगळीकडे धुरकट पसरलेलं असेल तर तो नुसता डाग, एवढा फरक लक्षात ठेवा.

मग भिंग घ्या. पश्चिम कझाकस्तानातल्या दागिन्यांवर बारीक दाण्यांची नक्षी दिसते. दाणे एकेक ठेवून डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडलेले असतील तर प्रत्येक दाणा बुडाशी गोल आणि सुटा दिसतो, ठशावर ठोकून उठवलेले असतील तर बुडाशी पत्र्यातच मिसळलेले दिसतात. ठशाचं काम म्हणजे नकली असं समजू नका, तिकडचे झेर्गेर, म्हणजे सोनार, ही पद्धत पूर्वीपासून वापरतात. (झेर्गेर हा शब्द फारसी जरगरवरून आलाय, आपल्या जरीतला जर तोच.) वळलेल्या शिंगांसारखी नक्षी दिसली तर ती कोशकार मुयिझ, मेंढ्याची शिंगं.

एकच मोठा चेहरा, म्हणजे वरचा दर्शनी भाग, आणि मागे दोन कड्या असलेली अंगठी मिळाली तर ती कुदागी जुझिक, आपल्या भाषेत विहीणबाईंची अंगठी. मुलीची आई ती मुलाच्या आईला देते, दोन बोटांत मिळून घालायची, दोन घरं एकत्र आली म्हणून. मला सगळ्यात आवडते ती हीच. घेताना दोन्ही कड्यांचे जोड नखाने चाचपून बघा, चेहरा जड असल्यामुळे सगळा ताण तिथेच येतो.

पुसायला मऊ कोरडं सुती कापड पुरे. खडा बसवलेला असेल तर पाण्यात अजिबात बुडवू नका, काही वेळा काचेखाली रंगीत कापड असतं, ते भिजलं की रंग गेलाच. वेणीत घालायची शोल्पी, म्हणजे नाणी लावलेला दागिना, असेल तर टांगून ठेवू नका, आडवी ठेवा, कारण नाण्यांच्या वजनाने वरच्या बारीक कड्या झिजून आधीच पातळ झालेल्या असतात.