सनद तर मिळाली, आता बसायचं कुठं? सांगली-साताऱ्याच्या नवीन वकिलांसाठी

लॉ चा निकाल लागला की दरवर्षी दोन-चार पोरं भेटायला येतात आणि प्रश्न एकच, सर पुण्याला जाऊ का इथंच सांगलीत विजयनगरच्या जिल्हा कोर्टात बसू? पाच वर्षांपूर्वी मी डोळे झाकून पुणे सांगितलं असतं, आता सांगत नाही आणि त्याचं कारण कोल्हापूर. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे बाहेरगावी बसणारं खंडपीठ, तिथं चालू झालंय, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याकडं, म्हणजे ज्या जामिनासाठी आपण पक्षकाराला रात्रीच्या गाडीत बसवून मुंबईला धाडायचो तो आता सकाळी डबा घेऊन जातो आणि दिवेलागणीला घरी. आमच्या आधीच्या वकिलांनी यासाठी चाळीसेक वर्षं आंदोलनं केली, शेवटी शेवटी आम्हीपण मांडवात बसलो, आता त्याचं खायचं असेल तर तुम्ही खा.

पण बेंच आलं म्हणून उद्याच कोल्हापुरात टेबल टाकू नका. तिथल्या वकिलांना कोण पाहिजे तर खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड वाचता येणारा माणूस. साक्षी मराठीत, खरेदीखत मराठीत, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) तलाठ्याच्या अक्षरात आणि हायकोर्टात हे सगळं इंग्रजीत भाषांतर करून लावावं लागतं. 'सामाईकात वहिवाट' म्हणजे काय हे कळून ज्याला ते इंग्रजीत नीट उतरवता येतं त्याला काम कमी पडणार नाही. म्हणून माझा सल्ला, पहिली तीन वर्षं तालुका नाहीतर जिल्हा कोर्टात काढा, मग वर बघा.

कागदपत्राचं थोडक्यात सांगतो. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फी ७५० रुपये, एससी-एसटीला १२५, यापेक्षा जास्त घेता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये सांगितलंय. ऑल इंडिया बारची परीक्षा दोन वर्षांच्या आत काढायची, बिनटिपणाचे बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याची पुस्तकं, आत नेता येतात, घाबरण्यासारखं काही नाही.

सिनिअर कसा निवडायचा हे मात्र नीट ऐका. मोठं नाव बघून जाऊ नका, एक आठवडा कोर्टात मागच्या बाकावर गप बसा आणि बघा कुणाचा ज्युनिअर उठून बोलतोय आणि कुणाचा नुसता फाईलींचा गठ्ठा घेऊन पळतोय. ज्याचा ज्युनिअर दुसऱ्या वर्षी छोटा का होईना उलटतपास घेतो तिथं जा. पैशाचं म्हणाल तर बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा असं पत्रक काढलंय, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. मला पहिले आठ महिने पेट्रोल आणि चहा मिळाला, तुम्हाला तसं चालवून घ्यायचं कारण नाही, पहिल्याच दिवशी तोंड उघडून विचारा, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

आता रोजचं काम. डायरी स्वतःच्या हातानं लिहा, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तारीख दिसते ते खरं पण रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, काय लिहिलंय ते जाऊन वाचल्याशिवाय पुढच्या तारखेला काय करायचं ते कळत नाही. आणि मुदती बोटावर मोजा. माझी फजिती सांगतो. तासगावकडचा एक द्राक्षवाला, व्यापाऱ्यानं दिलेला चेक बाउन्स झालेला, माझी पहिलीच १३८ ची (चेक न वटल्याच्या कलमाची) फिर्याद. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ते बरोबर केलं. नोटीस समोरच्याला *मिळाल्यापासून* १५ दिवस त्याला पैसे द्यायला, आणि ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. मी शहाणा, १५ दिवस नोटीस *पाठवल्यापासून* मोजले आणि फिर्याद चार दिवस आधीच ठोकली. समोरच्या वकिलानं पोस्टाचा ट्रॅक रिपोर्ट काढून कोर्टापुढं ठेवला आणि १५ दिवस व्हायच्या आत केलेली फिर्याद ही फिर्यादच नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल वाचून दाखवला. उशीर माफ करून घेऊन पुन्हा दाखल करता आली, पण त्या शेतकऱ्यानं बार रूमच्या दारात माझ्याकडं जसं बघितलं ते अजून आठवतंय. तेव्हापासून फाईलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तीन तारखा लिहितो, मेमो, पोच, शेवटचा दिवस. तुम्हीपण लिहा. आपल्याकडं बेदाणा, हळद, द्राक्षं सगळा उधारीचा व्यवहार, १३८ चं काम संपायचं नाही.

दुसरं न संपणारं काम म्हणजे जमीन. कॉलेजात हा भाग घाईत उरकतात आणि इथं तर पोटच त्यावर चालतं. सातबारा हातात आला की नुसता मालक बघून ठेवू नका, फेरफाराचे नंबर दिसतात ते एकेक करून काढा आणि मागं मागं जा, वाटपाच्या दाव्यातली गोम नव्वद टक्के वेळा तिथंच सापडते (हा माझा अंदाज, कुठला सर्व्हे नाही). नोंद चुकीची मंजूर झाली तर प्रांताकडं अपील ६० दिवसांत, वहिवाटीची वाट नांगरून अडवली तर तहसीलदाराकडं मामलेदार कोर्ट अ‍ॅक्टखाली दावा ६ महिन्यांच्या आत. या दोन मुदती पाठ असलेला नवीन वकील वडूजला, जतला, पाटणला उपाशी राहत नाही. सिनिअर लोकांना तहसीलला हेलपाटे मारायला कंटाळा येतो, तुम्ही जा.

फौजदारीत तर तुमचं नशीबच म्हणायचं. १ जुलै २०२४ ला तिन्ही नवे कायदे आले आणि तीस वर्षांचा अनुभववाला आणि तुम्ही एका रेघेवर आलात. कलम ४८२ म्हटलं की जुन्या माणसाला क्वॉशिंग, म्हणजे हायकोर्टातून गुन्हा रद्द करून घेणं, आठवतं, बीएनएसएसमध्ये (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन आणि क्वॉशिंग गेलं ५२८ ला, भर कोर्टात लोक अडखळतात. जुन्या केस जुन्या कायद्यानं चालूच आहेत तेव्हा दोन्ही यावं लागतं. शिकायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स कौन्सेलकडं (गरीब आरोपींना मोफत वकील देणारी योजना) बघा, असिस्टंटच्या जागेला तीन वर्षांपर्यंतची प्रॅक्टिस असलेली मुलं घेतात, महिन्याला ठरलेलं मानधन आणि सेशन कोर्टाची कामं बघायला मिळतात. लोक तिकडं का बघत नाहीत मला कळत नाही.

जज व्हायचं असेल तर मे २०२५ पासून नियम बदललाय, तीन वर्षं प्रॅक्टिस पाहिजेच. तेव्हा क्लासमध्ये बसून नुसत्या नोट्स पाठ करण्यात आता अर्थ नाही, ही तीन वर्षं खरी करा, वकीलपत्रावर तुमचं नाव येऊ द्या, कारण दहा वर्षं झालेल्या वकिलाचा दाखला लागतो आणि त्यावर न्यायाधीशांची सही.

सहकार विसरू नका, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पतसंस्था, कारखाने, सोसायट्या मोजाव्या तेवढ्या कमी. सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले, ९१ चे वाद, आणि बँकेच्या पॅनलवर गेलात तर ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे तारणाच्या मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा तपास. सर्चमध्ये दुय्यम निबंधकाकडं न जाता नुसतं ऑनलाइन बघून सही ठोकू नका, उद्या कर्ज बुडालं की पहिली नोटीस वकिलाला येते.

रील्स काढून 'तुमची केस फ्री मध्ये बघतो' असलं काही टाकू नका, बार कौन्सिलच्या नियम ३६ खाली वकिलाला जाहिरात करता येत नाही. एआयनं ड्राफ्ट काढायला हरकत नाही पण त्यानं दिलेला निकाल मूळ उघडून वाचल्याशिवाय कोर्टात द्यायचा नाही, नसलेल्या केस तो बिनधास्त छापतो.

आणि फी. पहिल्या भेटीतच आकडा सांगा, कागदावर लिहा, वकीलपत्रावर सही घेताना निम्मी घ्या. 'उसाचं बिल आलं की देतो' म्हणतील, तर मग बिल कुठल्या कारखान्याचं आणि कधी येणार तेही त्याच कागदावर लिहून घ्या.