डॉक्युमेंटरी फोटोग्राफीत करिअर: पहिल्या मालिकेपासून पहिल्या मानधनापर्यंत

डॉक्युमेंटरी फोटोग्राफीत काम मिळते ते एकाच विषयावरच्या 15 ते 20 फोटोंच्या मालिकेवर. सुटा सुंदर फोटो नशिबानेही हाती लागतो. मालिका पाहिली की फोटो एडिटरला, म्हणजे प्रकाशनासाठी फोटो निवडणाऱ्याला, कळते, हा माणूस एका जागी पुन्हा पुन्हा जातो, लोक त्याला घरात घेतात आणि हाती घेतलेले तो तडीला नेतो. म्हणून सुरुवात विषयापासून करा, नवा कॅमेरा नंतर बघू.

विषयाची कसोटी साधी आहे: येत्या सहा महिन्यांत तिथे स्वतःच्या खर्चाने वीस वेळा जाता येईल का? दूरच्या संकटग्रस्त भागाची ओढ वाटते, पण एका फेरीत वरवरचेच हाती लागते. मग विषय एका वाक्यात लिहून पाहा. ‘स्थलांतर’ हा विषय झाला नाही. ‘हंगामी मजुरांच्या मुलांची शाळा मध्येच सुटते तेव्हा त्यांचा दिवस कसा जातो’ हा झाला. आधीचा पेशा असेल तर तो भांडवल समजा. ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तियाओ साल्गादो मुळात अर्थशास्त्राचे. 1973 मध्ये ते पूर्णवेळ फोटोग्राफीकडे वळले आणि श्रम व स्थलांतर हे विषय त्यांनी वर्षानुवर्षे सोडले नाहीत.

साहित्य थोडे पुरते: एक कॅमेरा बॉडी, एक 35 मिमी लेन्स, दोन बॅटऱ्या, दोन मेमरी कार्डे. फाइल्सच्या तीन प्रती ठेवा. त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

पहिल्या दोन भेटींत कॅमेरा बॅगेतच राहू द्या. आपण कोण, फोटो कशासाठी, ते कुठे छापले जातील आणि इंटरनेटवर गेल्यावर परत घेता येत नाहीत, हे लोकांना त्यांच्या भाषेत सांगा. लहान मुलांसाठी पालकांची परवानगी घ्या. पुढच्या भेटीला आधीच्या फोटोंचे छोटे प्रिंट घेऊन जा. लोक ते हातात घेऊन पाहतात, काय चुकले ते सांगतात, आणि पुढची दारे बहुधा त्यातूनच उघडतात.

कॅप्शन त्याच रात्री लिहा: कोण, काय करत आहे, कुठे, कधी आणि मागची पार्श्वभूमी. हीच माहिती फाइलच्या मेटाडेटामध्येही, म्हणजे फाइलच्या आत साठणाऱ्या नोंदीतही भरा, म्हणजे फाइल पुढे गेली तरी ती बहुधा सोबत राहते. नावाचा कंटाळा करू नका. डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला. तो जगभर छापला गेला, पण त्यांनी तिचे नाव विचारले नव्हते. ती फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे जगाला कळायला 1978 उजाडले. एवढी वर्षे त्या बाईला स्वतःच्याच चेहऱ्याबद्दल बोलायला जागा नव्हती.

सर्वांत जास्त मालिका निवडीत फसतात. दोन हजार फोटोंतून आधी दोनशे, मग चाळीस काढा. चाळिसांचे पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढून जमिनीवर मांडा आणि आठवडाभर रोज क्रम बदलून पाहा. परिसर दाखवणारा दूरचा फोटो, चेहरे, हातांचे किंवा वस्तूंचे बारकावे, माणसामाणसांतले नाते, चालू असलेले काम, यातले काय कमी आहे ते तिथे उघड दिसते, आणि त्यासाठी पुन्हा जावे लागते. एकाच अंतरावरून काढलेले वीस पोर्ट्रेट ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे फार कष्टाने मिळाला म्हणून फोटो ठेवणे. तुमचे कष्ट बघणाऱ्याला दिसत नाहीत. शेवटची काटछाट विषय माहीत नसलेल्या माणसासोबत करा.

टोन (उजेड-अंधार) बदलणे आणि क्रॉपिंग (कडा कापणे) मर्यादेत चालते, पण फ्रेममधली वस्तू पुसणे किंवा घालणे चालत नाही. 2015 च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत मूळ फाइल्स तपासल्यावर उपांत्य फेरीतले सुमारे 20 टक्के फोटो बाद झाले होते. मूळ फाइल कधीही डिलीट करू नका.

आता पैसा. फक्त मासिकांच्या कामावर घर चालवणारे थोडेच. बाकीचे सामाजिक संस्थांच्या अहवालांचे काम, शिकवणे, अर्काइव्हमधल्या, म्हणजे स्वतःच्या जुन्या साठ्यातल्या, फोटोंच्या वापराचे परवाने, अनुदाने आणि वरिष्ठ फोटोग्राफरची सहाय्यकी यांची सांगड घालतात. पहिली दोन-तीन वर्षे दुसरे उत्पन्न हाताशी ठेवणे यात कमीपणा नाही. त्यामुळेच मालिका पूर्ण होते. करार करताना फोटोचे हक्क विकू नका, वापराचा परवाना द्या, आणि मुदत, प्रदेश, माध्यम लेखी ठरवा. फोटोंचे हक्क फोटो काढणाऱ्याकडेच राहावेत, हा 1947 मध्ये मॅग्नम ही फोटोग्राफरांची सहकारी संस्था स्थापन करण्यामागचा एक मुख्य हेतू होता. ‘सर्व हक्क कायमचे’ असे कलम दिसले तर ते बदलून मागा, नाहीतर तेवढा मोबदला मागा.

मालिका पाठवताना ईमेल दोनशे शब्दांत आटोपा: विषय, तो आत्ताच का, तुम्हाला तिथे प्रवेश कसा आहे, काय काम झाले आणि काय बाकी आहे. सोबत लांब बाजू 2000 पिक्सेल असलेले 12 फोटो, कॅप्शनसह. त्या प्रकाशनाने असाच विषय नुकताच छापला आहे का ते आधी पाहा. अनुदानाच्या अर्जात प्रवास, मुक्काम, दुभाषी, विमा, प्रिंट असे खर्च वेगळे दाखवा आणि आकस्मिक खर्चाला दहा टक्के धरा. अंदाजपत्रकात गोल आकडे दिसले की परीक्षकांना ते घाईत भरलेले वाटते. उत्तर नाही आले तर दोन आठवड्यांनी एकच आठवण पाठवा, कोणाला काय कधी पाठवले त्याची तारीखवार नोंद ठेवा आणि तीच मालिका पुढच्या एडिटरकडे न्या.