डेटाबेस क्लाउडवर न्यायचाय? टूलचं नाव काढण्याआधी डिस्पॅचवाल्याला भेटा

ओरॅकलचा डेटाबेस क्लाउडवर हलवायचा म्हटलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी टूलचं नाव घेतं. ओरॅकलचीच गोल्डनगेट आणि डेटा गार्ड, नाहीतर अॅमेझॉनच्या क्लाउडचं म्हणजे एडब्ल्यूएसचं डीएमएस. आदल्या आठवड्यात कुणीतरी स्लाइड दाखवून गेलेलं असतं, त्यावर 'झीरो डाउनटाइम' असं ठळक लिहिलेलं असतं. मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांचे डेटाबेस सांभाळते. माझ्या पहिल्या मीटिंगमध्ये टूलचं नाव काढायला बंदी असते. प्रश्न एकच असतो: सिस्टीम सलग किती तास बंद ठेवलेली चालेल?

आयटी हेडचं उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, एक मिनिटही नाही." ते लिहून घ्या, पण तिथे थांबू नका. डिस्पॅचच्या सुपरवायझरकडे जा, स्टोअर्समध्ये जा, अकाउंट्समध्ये जा. गेट पास कुठल्या वेळेला निघतच नाहीत, हे त्यांना तोंडपाठ असतं. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारची रात्रपाळी गुरुवारी सकाळी 7 ला सुटली की शुक्रवारी सकाळी 7 पर्यंत पूर्ण 24 तास हातात येतात. शिवाय गुरुवारी बाकीचं जग कामावर असतं, त्यामुळे नेटवर्कवाल्याचा फोन लागतो आणि क्लाउडचा सपोर्ट इंजिनिअर जागा असतो. रविवारी पहाटे कटओव्हर, म्हणजे जुन्या डेटाबेसवरून नव्यावर उडी, करणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

मग कॅलेंडरवर फुल्या मारा. महिनाअखेरीचं क्लोजिंग, पगाराचे दिवस, टीडीएस भरायची 7 तारीख, जीएसटीआर-1 ची 11, जीएसटीआर-3बी ची 20. जे गुरुवार उरतील त्यांतले दोन ठरवा, एक खरा आणि एक राखीव.

आता आकडे. पुढे बोलायला सोपं जावं म्हणून एक नेहमी दिसणारं चित्र धरू: ईआरपीचा (साठा, खरेदी, हिशेब सगळं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, ओरॅकल 11.2.0.4 एंटरप्राइझ एडिशन, आयबीएम पॉवर सर्व्हरवर एआयएक्स ही आयबीएमची ऑपरेटिंग सिस्टीम, डिस्कवर 6 टीबी. जायचंय एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनला, म्हणजे त्यांच्या मुंबईतल्या डेटा सेंटरांत, ओरॅकल 19सी वर.

हे 6 टीबी खरे नसतात. डेटा फाइलींचा आकार आणि आतला माल यांत फार फरक असतो. सेगमेंटनिहाय, म्हणजे प्रत्येक टेबल-इंडेक्सने व्यापलेल्या जागेची, बेरीज काढा. त्यात इंडेक्स (ओळी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूची) किती, कुणी कधी न साफ केलेली ऑडिट टेबलं किती, कोणीतरी घाईत बनवून ठेवलेल्या 'बॅकअप_जुना' छापाच्या प्रती किती, हे वेगळं करा. 6 टीबीच्या डेटाबेसमध्ये टेबलांचा खरा डेटा 2.4 टीबी निघाला तर मला आश्चर्य वाटत नाही. आणि डेटा पंपने, म्हणजे ओरॅकलच्या एक्स्पोर्ट-इम्पोर्टच्या टूलने, एक्स्पोर्ट केलात तर इंडेक्सचा डेटा जातच नाही, फक्त व्याख्या जाते; इंडेक्स पलीकडे नव्याने बनतात.

लाइनचा हिशेब त्यानंतर. 1 जीबीपीएसची लाइन म्हणजे कागदावर सेकंदाला 125 एमबी. मी 100 धरते. तासाला 360 जीबी. 2.4 टीबी सात तासांच्या आत जातात. तीच लाइन 100 एमबीपीएसची असेल तर जवळपास तीन दिवस, म्हणजे आपला गुरुवार गेला. प्रसंगी महिनाभरासाठी मोठी लाइन घेणं हे गोल्डनगेटच्या लायसन्सपेक्षा बरंच स्वस्त पडतं, पण कोटेशन मागवायचं कुणाला सुचत नाही. डेटा पंपचं स्वतःचं डेटा कॉम्प्रेशन वापरायचं तर अॅडव्हान्स्ड कॉम्प्रेशनचं वेगळं लायसन्स लागतं, हेही आधी बघा. एक्स्पोर्टमधून निघालेली डम्प फाइल बाहेर जीझिप करायला कुणी पैसे मागत नाही.

इथपर्यंत आलात की निम्म्या पद्धती आपोआप गळतात. उरलेल्या गाळायला तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, बाइटचा क्रम. एआयएक्स, स्पार्कवरचं सोलारिस आणि एचपी-यूएक्स ही बिग एन्डियन, इंटेलवरचं लिनक्स लिटल एन्डियन. आकड्यातला मोठा बाइट आधी की नंतर, एवढाच हा फरक, पण त्यामुळे आमच्या चित्रातल्या पॉवर सर्व्हरचा बॅकअप उचलून क्लाउडच्या लिनक्सवर सरळ रिस्टोअर होत नाही, आणि डेटा गार्डचा फिजिकल स्टँडबायही, म्हणजे मूळ डेटाबेसची बदलांसह चालत राहणारी जुळी प्रतही, उभी राहत नाही. म्हणजे ज्या पद्धतीचं नाव मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त घेतलं जातं, ती इथे पहिल्या चाळणीतच बाद.

दुसरी, पलीकडे नेमकं काय विकत घेताय. क्लाउडवर नुसती मशीन घेऊन त्यावर आपण ओरॅकल बसवणार असू, तर सगळे मार्ग मोकळे. पण एडब्ल्यूएसच्या आरडीएससारखी व्यवस्थापित सेवा घेतलीत तर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये लॉगइन नाही, डेटाबेसचा सर्वाधिकारी सिस युजर हातात नाही, आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप टूलचा बॅकअप आणून रिस्टोअर करता येत नाही, कारखान्यातल्या डेटाबेसचा डेटा गार्ड तिथपर्यंत नेता येत नाही. पॅचिंग आणि बॅकअपची कटकट मिटते, हे खरं आहे आणि छोट्या टीमला ते मोलाचं आहे. पण डेटाबेसमधून थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये फाइल लिहिणारी पॅकेजेस (डेटाबेसमध्येच ठेवलेले प्रोग्रॅम), ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या क्रॉनमधल्या शेल स्क्रिप्ट, बँकेला जाणारी पेमेंट फाइल, वजनकाट्याच्या पीसीवरून येणारी फाइल, हे सगळं नव्याने जुळवावं लागतं. याची यादी डीबीएकडे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे, कधीच पूर्ण नसते. ती क्रॉनटॅबमध्ये आणि निवृत्तीला आलेल्या एखाद्या सिस्टीम अॅडमिनच्या डोक्यात असते.

तिसरी, रीडूचा वेग. रीडू म्हणजे डेटाबेस प्रत्येक बदलाची जी नोंद लिहीत जातो ती. बदल सतत पलीकडे पाठवत राहायचे असतील, मग ते डेटा गार्डने असो की गोल्डनगेटने, तर दिवसाची सरासरी कामाची नाही. आर्काइव्ह लॉगच्या (साठवलेल्या रीडूच्या) व्ह्यूमधून तासातासाचा आकडा काढा आणि महिनाअखेरीची रात्र बघा. एरवी सेकंदाला 3-4 एमबी रीडू टाकणारा डेटाबेस कॉस्टिंगच्या रनला 25 एमबीवर जातो. म्हणजे 200 एमबीपीएस. लाइन 100 ची असेल तर स्टँडबाय मागे पडत जातो.

आता निवड. माझा नियम साधा आहे: मिळालेल्या तासांत बसणारी सगळ्यात साधी पद्धत घ्यायची.

24 तास आहेत, खरा डेटा 2-3 टीबी आहे, लाइन 1 जीबीपीएस आहे, तर डेटा पंप. आवृत्ती बदलते, एन्डियन बदलतं, कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) बदलतो, सगळं एका फटक्यात होतं, आणि आरडीएसही चालतं. कंटाळवाणी पद्धत आहे आणि म्हणूनच मला आवडते. वेळ खरा खातो तो एक्स्पोर्ट नाही, तर इंडेक्स बांधणी. म्हणून इंडेक्स वेगळे काढून, स्क्रिप्टने, पॅरलल लावून बांधा. पॅरलल फक्त एंटरप्राइझ एडिशनमध्ये चालतं; स्टँडर्डवाल्यांनी टेबलांचे गट पाडून तीन-चार जॉब शेजारी शेजारी चालवावेत. मागच्या वर्षांचा गोठलेला डेटा, ज्याला आता कुणी हात लावत नाही, तो आधीच्या आठवड्यातच नेऊन ठेवता येतो. त्याने गुरुवारचा भार निम्मा झालेला मी पाहिलाय.

डेटा 10-15 टीबी, वेळ 8-10 तास, आणि मूळ मशीन बिग एन्डियन असेल, तर ट्रान्सपोर्टेबल टेबलस्पेस, म्हणजे डेटा फाइलींचे गटच्या गट उचलून नेणं, इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाच्या) बॅकअपसह. फाइली चालू डेटाबेसमधून आधीच नेऊन रूपांतरित करायच्या, रोजचा फरक त्यावर चढवत राहायचा, शेवटच्या दिवशी टेबलस्पेस रीड-ओन्ली करून उरलेला थोडा फरक न्यायचा. ऐकायला झकास. पण शेवटी मेटाडेटा, म्हणजे टेबलं-पॅकेजेस यांच्या व्याख्या, इम्पोर्ट करावा लागतो, आणि ईआरपीत हजारो टेबलं, पार्टिशनं, पॅकेजेस असतात. डेटा अर्ध्या तासात आणि मेटाडेटा पाच तासांत, असं इथे होऊ शकतं. शिवाय कॅरेक्टर सेट बदलायचा असेल तर ही पद्धत नको.

मूळ सर्व्हर लिनक्सच असेल आणि पलीकडे आपली मशीन असेल, तर डेटा गार्ड; दुसरं काही शोधू नका. स्टँडबाय आठवडाभर आधी उभा करा, फोर्स लॉगिंग (प्रत्येक बदल रीडूत लिहिलाच जाण्याची सक्ती) चालू करा, स्विचओव्हर म्हणजे भूमिकांची अदलाबदल मिनिटांत होतो. आवृत्ती मात्र दोन्हीकडे तीच हवी, अपग्रेड वेगळ्या दिवशी. स्टँडर्ड एडिशनला हा मार्ग नाही.

गोल्डनगेट फक्त तेव्हा, जेव्हा खरोखर तासभरही बंद ठेवता येत नाही. तसे उद्योग आहेत, पण साप्ताहिक सुट्टी पाळणारा कारखाना त्यांत सहसा बसत नाही. लायसन्स वेगळं, त्याला लागणाऱ्या सप्लिमेंटल लॉगिंगने (जादा तपशिलाच्या नोंदींनी) रीडू वाढतो, प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसलेल्या टेबलांना ते सगळे कॉलम मिळून की धरतं आणि रडतखडत चालतं. जुन्या ईआरपीत प्रायमरी की नसलेली टेबलं किती असतात, ते मोजून मगच बोला.

डीएमएसबद्दल थोडक्यात. एका इंजिनावरून दुसऱ्यावर जाताना, ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर, ते उपयोगी आहे. ओरॅकल ते ओरॅकल पूर्ण डेटाबेस नेण्यासाठी मी ते घेत नाही. ट्रिगर, पॅकेज, सिक्वेन्स (पुढचा नंबर देणारे), दुय्यम इंडेक्स ते आणत नाही. लॉब म्हणजे टेबलात ठेवलेल्या मोठ्या फाइली-मजकूर; लिमिटेड लॉब मोडमध्ये मर्यादा मुळात 32 केबी असते आणि त्यापुढचा भाग कापला जातो. ड्रॉइंगच्या पीडीएफ टेबलात ठेवल्या असतील तर क्वालिटी विभाग पहिल्या सोमवारी तुमच्या दारात उभा राहील.

पद्धत ठरली तरी दोन गोष्टी त्या पद्धतीला धक्का देऊ शकतात, म्हणून त्या चाचणीच्या आधीच तपासा.

कॅरेक्टर सेट. जुने डेटाबेस विंडोज-1252 वर असतात, क्लाउडवर यूटीएफ-8 हवा असतो. जे उच्चारचिन्हांकित अक्षर (é सारखं) एका बाइटमध्ये मावत होतं त्याला आता दोन लागतात, रुपयाच्या ₹ चिन्हाला तीन, देवनागरीच्या प्रत्येक कोडला तीन. कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजलेली असेल तर ओआरए-12899 ची, म्हणजे 'रकान्यात मावत नाही' या एररची, रांग लागते. ओरॅकलचं डीएमयू हे टूल आधी चालवून असे रकाने शोधता येतात. महाराष्ट्रातल्या डेटाबेसमध्ये आणखी एक भानगड: कामगारांची नावं-पत्ते श्रीलिपीसारख्या फाँटच्या जुन्या कोडमध्ये भरलेले असतात. डेटाबेसच्या लेखी ती लॅटिन अक्षरंच. रूपांतर ती इमानेइतबारे लॅटिन म्हणूनच करतं, देवनागरी होत नाही, आणि वर लांबीही वाढते. त्यासाठी वेगळा फाँट कन्व्हर्टर आणि एचआरमधलं कुणीतरी नावं वाचून बघणारं हवं.

आणि घड्याळ. आरडीएस मुळात यूटीसीवर चालतं, म्हणजे सिसडेट (डेटाबेस देतो ती आत्ताची तारीख-वेळ) साडेपाच तास मागे. 1 एप्रिलला पहाटे साडेपाचच्या आधी निघालेलं चलन 31 मार्चचं, मागच्या आर्थिक वर्षाचं होऊन बसेल. टाइमझोनचा ऑप्शन एकदा लावला की काढता येत नाही, तेव्हा आरडीएसचा डेटाबेस सर्व्हर (इन्स्टन्स) बनवतानाच लावून टाका.

अॅप्लिकेशन सर्व्हर कुठे राहणार हेही विचारा. तो चाकणला आणि डेटाबेस मुंबईला, तर प्रत्येक फेरीला अर्ध्या मिलिसेकंदाऐवजी पाच लागतील. एकेक ओळ आणणारा रिपोर्ट 4,000 फेऱ्या मारत असेल तर दोन सेकंदांचे वीस होतात. दोघांना बरोबर हलवा.

चाचणी पूर्ण आकाराच्या डेटावर, त्याच लाइनवरून, घड्याळ लावून करा. पडताळणीत नुसत्या ओळी मोजू नका. साठ्याची एकूण किंमत, ट्रायल बॅलन्स, शेवटचा इन्व्हॉइस नंबर आणि सिक्वेन्सची पुढची किंमत दोन्हीकडे जुळवा, आणि त्या कागदावर अकाउंट्सची सही घ्या.

परतीचा तास आधीच कागदावर असू द्या. डेटा पंपमध्ये जुना डेटाबेस जसाच्या तसा राहतो, म्हणून गुरुवारी रात्री 1 पर्यंत पडताळणी संपली नाही तर अॅप्लिकेशन पुन्हा जुन्याकडे वळवायचं, वाद नाही. पण एकदा शुक्रवारची पहिली पाळी नव्या डेटाबेसवर लिहू लागली की परत जाताना त्या नोंदी हातानेच उतरवाव्या लागतात. ते मॅनेजमेंटला मान्य नसेल तर उलट दिशेचं रेप्लिकेशन लावावं लागेल, आणि गोल्डनगेटचा खर्च तिथे पटण्यासारखा असू शकतो.

पॉवर सर्व्हरचं एएमसी (वार्षिक देखभाल करार) कधी संपतं ते आजच बघून घ्या. कटओव्हरनंतर निदान एक तिमाही तो चालू ठेवायचाय, डेटाबेस रीड-ओन्ली उघडून, ऑडिटरला जुने आकडे दाखवण्यासाठी.