विकायच्या घराला रंग देण्याआधी गच्ची बघा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. दिवसा स्लॅब फुगतो, रात्री आकसतो आणि कठड्याच्या सांध्याला केसाएवढी भेग पडते. पावसात पाणी तिथूनच झिरपतं. ओल्या भिंतीवर पुट्टी-रंग मारला की काही महिन्यांत पोपडे. आणि गिऱ्हाईक नेमका हात तिथेच लावतं!

भेग छिन्नीने १० मिमी खोल उघडा, धूळ झाडा, पॉलिमर (पकड वाढवणारं रसायन) मिसळलेला सिमेंटचा मसाला दाबून भरा. गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्याला वाटा, म्हणजे मसाल्याचा गोलसर उतार काढा. मसाला मुरल्यावर पन्हाळी बुजवून गच्चीत दोन इंच पाणी ४८ तास तुंबवा, खालून छत बघत राहा. भिंत खडखडीत वाळल्यावरच रंग. उरलेल्या पैशांत गच्चीला पांढरा उष्णतारोधक थर द्या, दुपारी घर बघायला आलेल्याला फरक जाणवतो.