एन्व्हायर्नमेंटल सायन्सला ॲडमिशन घेताय? मग आधी एवढं करा

शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला येणाऱ्या दोघीतिघींनी तयारी काय करू विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. सगळ्यात आधी केमिस्ट्री काढा. बॉटनी-झूलॉजीवाल्यांची गाडी इथंच अडकते, त्यामुळे नॉर्मॅलिटी, टायट्रेशन, स्टँडर्ड कर्व्ह एवढं तरी क्लास सुरू व्हायच्या आत डोळ्याखालून घाला. बॅगेत लॅब कोट, ग्लोव्हज, परमनंट मार्कर आणि साधी पेन्सिल हवीच, कारण नदीकाठी वही भिजते आणि पेनची शाई पसरते.

सॅम्पलिंग मात्र मन लावून शिका. डीओची, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची, बाटली काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये आणि तिथंच काठावर मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून फिक्स करायची, म्हणजे आहे तेवढा ऑक्सिजन तिथंच पकडून ठेवायचा. तपकिरी साका धरला की ऑक्सिजन आहे. मी एकदा एका नाल्याच्या तोंडाशी बाटली भरली तर साका पांढराच राहिला, म्हणजे त्या पाण्यात श्वास घ्यायला काहीच नव्हतं आणि पलीकडच्या काठावर म्हशी पाणी पीत होत्या, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. बीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं, गणितही आधीच समजून घ्या, आपल्याकडे २७ डिग्रीला ३ दिवस ठेवतात, म्हणजे गुरुवारी लावलेली बाटली बघायला रविवारी लॅबला यावंच लागतं, घरी तसं सांगून ठेवा.

लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, आपल्या गावचा नकाशा करून बघा. १९७४ चा पाणी कायदा, १९८१ चा हवा कायदा, १९८६ चा पर्यावरण कायदा आणि २००६ ची ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) अधिसूचना मूळातून वाचा, बाजारातल्या गाईडमधून नको, कारण नोकरी खरी इथंच आहे. एमआयडीसीतल्या कंपनीत ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट), कन्सेंट (प्रदूषण मंडळाची परवानगी) आणि ३० सप्टेंबरच्या आत जाणारा फॉर्म ५ (वार्षिक पर्यावरण विवरणपत्र) बघायला माणूस लागतोच, शिवाय ईआयए कन्सल्टन्सी, टेस्टिंग लॅब, प्रदूषण नियंत्रण मंडळाची भरती, ईएसजी रिपोर्टिंग (कंपनीचा पर्यावरण, समाज आणि कारभाराचा अहवाल), आणि शिकवायचं किंवा रिसर्च करायचा तर नेट परीक्षा. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे घरच्यांना आत्ताच सांगा, नंतर वाद नकोत. जिल्ह्यात एखादी जनसुनावणी लागली तर चुकवू नका, प्रकल्पाचा मराठी सारांश मागून घ्या, वाचून जा आणि शेतकरी काय विचारतात ते लिहून घ्या, अख्ख्या सेमिस्टरमध्ये कळत नाही ते तिथं दोन तासांत कळतं.

आणि पावसाळ्यात सॅम्पलला निघायच्या आधी कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा, ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, पंचगंगा तिथवर चढत असेल तर सरळ आपल्या प्रोजेक्टच्या गाईडना फोन करा आणि तारीख पुढं ढकला.