दिवस मोजायची माझी रीत

वर्षअखेरची उपासना संपली की चर्चच्या मंडळीत कुणीतरी हमखास विचारतं, "सिस्टर, 'आम्हांला आमचे दिवस गणण्यास शिकव' म्हणजे नक्की करायचं काय?" पस्तीस वर्षं वॉर्डात नाइट ड्यूटी केली, त्यामुळे वेळ मोजायची सवय हाडीमाशी खिळलेली. म्हणून माझी रीत सांगते.

एक कोरी वही आणि बायबलमधलं स्तोत्र ९० घेऊन बसा, ती ओळ तिथल्याच बाराव्या वचनातली. थेट दहाव्या वचनावर उडी मारू नका. आयुष्य सत्तर वर्षांचं, फार तर ऐंशी, हे दफनविधीत ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ असतं आणि तिथून सुरुवात केली की नुसती धास्ती बसते. मोशेची ही प्रार्थना घरापासून सुरू होते: पर्वत व्हायच्या आधीपासून तू देव आहेस, पिढ्यानपिढ्या आमचं निवासस्थान तूच. पहिली दोन वचनं मोठ्यानं वाचा, मगच पेन उचला.

वयाला ३६५नं गुणा, दर चार वर्षांमागे एक दिवस वाढवा. सत्तर वर्षांचे होतात २५,५६७. मी एकसष्ट पूर्ण केली. माझे २२,२८० गेले, उरले ३,२८७. पेन्सिलीनं लिहू नका, खोडावासा वाटतो. मी खोडलाय. सत्तरी उलटली असेल तर वजाबाकीच्या भानगडीत पडू नका, आजची तारीख पुरे.

आता चौथं वचन. देवाच्या दृष्टीनं हजार वर्षं म्हणजे कालचा दिवस, रात्रीचा एक प्रहर. आपला प्रहर तीन तासांचा, पण जुन्या काळी इब्री, म्हणजे ज्यू, लोक रात्रीचे तीन पहारे करत. म्हणजे एकेक साधारण चार तासांचा. चार तासांत हजार वर्षं, तर सत्तर वर्षं किती? सतरा मिनिटांना थोडी कमीच. रात्री तीनला पॅन्ट्रीत जाऊन चहा टाकायचा, पिऊन परत वॉर्डात यायचं, तेवढीच. अर्थात हे देवाचं घड्याळ नव्हे. वचनात 'सारखी' म्हटलंय.

इथे थांबलात तर फसाल. बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (२ पेत्र ३:८) उलटी बाजूही आहे: प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा. एका आजींनी एका रात्रीत अकरा वेळा पाणी मागितलं होतं. दहाव्या वेळी मी भांडं जरा आपटूनच ठेवलं. त्यांची ती शेवटची रात्र होती, हे मला सकाळी कळलं. तेव्हापासून रोज उरलेल्या दिवसांच्या आकड्याखाली मी एक नाव लिहिते, त्या दिवशी जे माणूस माझ्या वाट्याला आलं त्याचं. चिडून बोलले असले तर नावापुढे फुली. तुम्हीही लिहा, एकच नाव, यादी नको.

झोपण्याआधी सतरावं वचन. 'आमच्या हातचे काम सिद्धीस ने' हे तिथे दोनदा मागितलंय. राहिलेलं काम एका ओळीत लिहा, आम्ही हँडओव्हरच्या वहीत लिहायचो तसं: कुणाचं सलाईन चालू आहे, कुणाचा रिपोर्ट यायचाय.

मग वही कपाटात ठेवा. पहिले काही दिवस मी ती उशाशी घेऊन झोपायचे आणि रात्री दोनला उठून वजाबाकी तपासत बसायचे.