नटावर नाचू नका! चाक बसवताना या चुका टाळा

पनवेलला गॅरेज टाकून मला सव्वीस वर्षं झाली. इंजिनला हात लावायला लोक घाबरतात, गिअरबॉक्सचं तर नावच काढत नाहीत. पण चाक? ते कुणीही बसवतो. चार नट, एक पाना, झालं काम. मग याच चार नटांपायी गाडी टो होऊन माझ्या दारात येते.

माझा सगळ्यात जुना राग पान्यावर उभं राहणाऱ्यांवर आहे. स्टेपनी लावून होते, जॅक खाली येतो आणि गडी पान्यावर चढून दोन उड्या मारतो. वर म्हणतो, "आता हलत नाय बघा."

जरा हिशोब करा. बहुतेक टोयोटा गाड्यांच्या चाकाच्या नटाला १०३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, लागतो, फोक्सवॅगन पोलोला १२०. पाव मीटरचा पाना असेल तर टोकाला साधारण ४० किलोचा जोर दिला की १०० न्यूटन-मीटर भरतात. ७० किलोचा माणूस त्याच टोकावर नुसता उभा राहिला तरी १७० होतात, उड्या वेगळ्या. पाईप घालून पाना अर्धा मीटर केला की आकडा साडेतीनशेच्या घरात.

नट ज्या आटेवाल्या दांड्यावर बसतो तो स्टड म्हणजे एक कडक स्प्रिंगच. नट आवळला की तो केसभर ताणला जातो आणि चाक हबवर, म्हणजे चाक ज्याला टेकतं त्या फिरत्या भागावर, दाबून धरतो. १२ मिलिमीटरचा एक स्टड १०० न्यूटन-मीटरला साधारण ४ टनांनी दाबतो. त्या दाबामुळे चाक हबला घट्ट चिकटून राहतं. चाक काही स्टडवर लटकलेलं नसतं. उड्या मारून स्टड हद्दीबाहेर ताणला की तो परत मूळ जागी येत नाही. दिसायला घट्ट, आतून मेलेला. एअर गनने 'टर्रर्र' करून चाक परत देणारेही याच जातीचे. गनने नट टेकवा, शेवटचा आवळा टॉर्क पान्याने द्या, म्हणजे लावलेला आकडा भरला की 'कट्' वाजणाऱ्या पान्याने. एवढा धीर नसेल तर पंक्चर रात्री होईल तेव्हा तो नट हाताने सोडवून दाखवा.

दुसरी चूक घरातलीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तीन वर्षांपूर्वी गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी पुतण्याने रिम्स काळ्या रंगवून आणल्या. पेंटरनेच चाकं बसवून दिलेली. "काका, कशा दिसतात?" छान दिसत होत्या. मी बाप्पाच्या मखराच्या गडबडीत, पाहिलं आणि सोडून दिलं. महाड सोडलं तसा मागच्या डाव्या चाकातून 'कट् कट् कट्' सुरू झालं. वेग वाढला की आवाज भरभर. पुतण्या म्हणाला, टायरमध्ये खडा अडकला असेल, आणि आरतीचा आवाज वाढवला. पोलादपूरच्या अलीकडे मी गाडी जबरदस्तीने थांबवली. चारातला एक नट गायब. उरलेले तीन मी बोटांनी फिरवले. रिमची भोकं अंड्यासारखी लांबट झाली होती. पुढे कशेडी घाट, गाडीत वहिनी आणि दोन पोरं.

झालं असं की पेंटरने हबला टेकणाऱ्या पाठीवर आणि नट बसतो त्या उतरत्या बैठकीवरही रंगाचे जाड थर चढवले होते. नट आवळला तेव्हा घट्टच लागला, पण तो रंगावर. चाक फिरून तापलं, रंग दबला, झिजला आणि दाब गेला. रिम भंगारात, दोन स्टड नवीन, सणाचा एक दिवस पोलादपूरला.

तेव्हापासून माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक चाकाला आधी तारेचा ब्रश. हबचं तोंड, रिमची पाठ, नटाची बैठक, तिथे उघडं लोखंड किंवा अॅल्युमिनियमच दिसलं पाहिजे. कोकणातल्या गाड्यांच्या हबवर गंजाचे पापुद्रे असतात, तेही खरवडतो. आणि चाक काढून बसवलं की ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. आमच्या घरी याला 'पहिल्या चहाचा पाना' म्हणतात: थांबायचं, चहा घ्यायचा, तेवढ्यात चाक निवतं, मग पाना लावायचा. कंटाळा येतो? येऊ दे.

आता बाकीच्या चुका, भराभर.

आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका. तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

पहिले चार-पाच फेरे बोटांनी. आटे तिरके धरले आणि वर पाना मारला की आटे गेलेच.

नटाची निमुळती बाजू रिमकडे. हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण दर पावसाळ्यात एक तरी उलटा नट बघतो.

समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्या, ओळीने नाही. चाक हवेत असताना टेकवा, जमिनीवर आल्यावर आवळा.

नट 'बसतोय' म्हणजे 'चालतो' असं नाही. मारुतीच्या दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर, ह्युंदाईच्या दीड. १०० मिलिमीटर पीसीडीची (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) अलॉय रिम ९८ च्या फियाटवर ठोकून बसवलेली मी पाहिली आहे. बसवणाऱ्याला दुकानातून हाकललं.

टॉर्क पान्याने नट सोडवू नका. 'कट्' वाजलं की थांबा, तीनदा वाजवायची हौस नको. ठेवताना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

चाक चोरीला जाऊ नये म्हणून लॉक नट लावलेत? ते ज्याच्याशिवाय सुटत नाहीत तो अॅडॉप्टर आत्ता कुठे आहे, उठून बघा. माझ्या काउंटरच्या खणात असे सात पडलेत, मालक कोण ते ठाऊक नाही.